डोंग्यावरची थाप

बाबुलालच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नसे.

नीलिमाच्या हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं. तिचं माहेर वडशाचं, रेल्वे फाटकाला लागून. मालगाड्या, धानाचे ट्रक, हिवाळ्यात नाटकांची जाहिरात करत गल्लोगल्ली फिरणारा भोंगा; या सगळ्यांच्या वरताण बोलायचं तर घसा फोडावाच लागे. बीएचा सगळा अभ्यास तिनं त्याच गोंगाटात केला होता. आणि इथे टेकाबोडीला, तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे मातीच्या बांधाखालच्या या घरात, माणसं एकमेकांना थाप मारून बोलवत.

सवय डोंग्यावरची, लाकूड कोरून केलेल्या नावेवरची होती. तिचा सासरा बाबुलाल पन्नास वर्षं तलावात मासे धरत आलेला. पाण्यावर ओरडलं की मासा वाट फुटेल तिकडे पांगतो आणि लाकडावर थाप दिली की जाळ्याकडे सरकतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून दोन डोंग्यांवरची माणसं एकमेकांशी बोलत नसत. हातातल्या बांबूनं डोंग्याच्या काठावर थाप देत. एक थाप म्हणजे इकडे पाहा. दोन म्हणजे जाळं ओढा. तीन म्हणजे चला आता घरी. हातात भिनलेली ही भाषा घरात आल्यावर कशी सुटणार? जेवण झालं की सासू चंदाबाई पाटावर ठोके देई. बाबुलालला पाणी हवं असलं की तो बाजेच्या लाकडावर एक थाप मारी, आणि ज्यानं पाहायचं तो पाही.

"तुमच्या घरी तोंडं भाड्यानं दिली का जी?" नव्या नवलाईत नीलिमानं नवऱ्याला, अमरला विचारलं होतं.

"तुह्या माहेरी कान देल्ले, तशी," अमर म्हणाला होता, आणि दोघंही पोट धरून हसली होती.

पुढे ते वाक्य तिला कितीदा आठवलं, आणि दर वेळी तिनं ते आवंढ्यासारखं गिळून टाकलं.

दिव्यानी जूनमध्ये झाली. अमर घुग्घुसला सिमेंटच्या कामावर. पंधरा दिवसांतून एकदा मोटरसायकलवर यायचा, धुळीनं भुवया पांढऱ्या करून, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी गाठायला निघून जायचा. बाकी दिवस घरात सासूसासरे, नीलिमा आणि पोरगी. नीलिमानं कॉलेजातली एक कोरी वही काढली आणि त्यात लेकराचं सगळं लिहू लागली. मान कधी धरली, पालथी कधी पडली, कितीदा दूध, कितीदा शी. मोबाइलमध्ये दुनियाभरची लेकरं होती. कोणाचं तिसऱ्या महिन्यात खिदळत होतं, कोणाचं सहाव्या महिन्यात 'बाबा' म्हणत होतं. नीलिमा दर लेकराला आपलं लेकरू लावून बघे, कापडाला कापड लावून बघतात तसं, आणि कुठे उणं पडतं का ते शोधत बसे.

उणं एकाच जागी पडत होतं. दिवाळीत गल्लीतली सगळी तान्ही पोरं फटाक्यांनी घाबरून रडत होती आणि दिव्यानी ओसरीवर, सुतळी बॉम्बपासून वीस पावलांवर, तोंड उघडं टाकून झोपली होती.

"धीट आहे माही नात," चंदाबाईनं बोटं मोडली. "ढिवराची पोर आहे, का समजली तू!"

नीलिमानं वहीत लिहिलं, 'फटाके. उठली नाही.' मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

त्याच हिवाळ्यात ते गाणं आलं. कुठून आलं देव जाणे, पण वडशाच्या पानठेल्यापासून टेकाबोडीच्या पिठाच्या चक्कीपर्यंत तेच वाजत होतं. आणि त्या गाण्यावर एक ट्रेंड निघाला होता. लेकराला पाठमोरं बसवायचं, मागून गाणं लावायचं. तिसऱ्या ठेक्याला लेकरू वळून बघतं, हसतं, आणि तिथेच चित्र थांबून वर बदाम उडतात. बस, एवढंच. पण पुण्याची लेकरं वळत होती, दुबईची वळत होती, ट्रॅक्टरवर बसलेली, बाथटबात बसलेली, सगळी एकाच ठेक्याला वळत होती. नीलिमा अंगणात शेंगा सोलता सोलता एकामागून एक बघत राही. लोक हसणं बघत असतील. ती मान बघत होती.

संक्रांतीला नणंद आली. डिंपल घुग्घुसलाच दिलेली, अमरहून धाकटी, आणि तिचा विक्की दिव्यानीहून महिनाभरानं मोठा. डिंपलनं आल्या आल्या मोबाइल पुढे केला. विक्की पाठमोरा, गाणं, विक्की वळला, दोन दात दाखवून हसला.

"बारा हजार लोकायनं पाह्यलं वैनी! शेजारची म्हणते, पोरगा हिरो होते तुहा. आता दिव्यानीचा करू आपण. डोंग्यात बसवू. कमळं आहेत मागं, लई भारी येईन."

"ते अजून लहान आहे," नीलिमा म्हणाली.

"सात महिन्याची घोडी झाली अन् लहान! काऊन व वैनी, भेतेस का?"

भीत होती. डिंपलला तो खेळ होता. नीलिमाला मात्र वहीत खोडून पुन्हा लिहिलेल्या त्या ओळीचा निकाल लागायचा होता, तोही नणंदेसमोर.

डोंगा पाळीला अर्धा ओढून ठेवलेला, अर्धा पाण्यात. डिंपलनं त्यात उशी ठेवली, उशीवर दिव्यानीला बसवलं, केसाला जास्वंदीचं फूल अडकवलं. शोभेला म्हणून पाण्यानं भरलेला पितळी लोटा बाजूला ठेवला. डोंग्याच्या मागच्या टोकाशी बाबुलाल जाळं शिवत बसला होता.

"बाबा, तुम्ही उठता का? फोटोत येता."

"माहा डोंगा आहे," बाबुलाल म्हणाला. "मी कुठी जाऊ? पाय घेतो आवरून." आणि मग, जाळ्यातून मान वर न काढता, "एवढ्याशा लेकराले पाठीमागून काऊन बोलवता गा तुम्ही? पुढं येऊन बोलवा न. पाठीतून बोलावणं चांगलं नसते."

"ट्रेंड आहे बाबा. तुमाले नाई समजत."

"हाव बापा, मले नाई समजत," तो म्हणाला.

नीलिमा मागे उभी राहिली, हातात डिंपलचा छोटा स्पीकर. गाणं सुरू झालं. दिव्यानी जाळ्याच्या शिशाच्या मण्यांशी खेळत राहिली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. नीलिमानं आवाज पूर्ण केला. कानाला दडे बसले. पाळीवर कपडे धुणारी सुकरी उठून उभी राहिली, का झालं म्हणून.

"माय व! तुही पोरगी तं हिरॉइनीपेक्षा भाव खाते," डिंपल हसत म्हणाली. पण त्या हसण्यात थोडी कीवही होती, आणि नीलिमाला ती तिच्या तोंडावर दिसली. दिव्यानी, वळ. माझ्या सोन्या, एकदा वळ.

चौथ्यांदा दिव्यानी वळली.

असं वळली की डिंपलनं किंकाळीच मारली. तिसऱ्या ठेक्याला, बरोबर. फूल गालावर आलेलं, मागे पांढरी कमळं, आणि तोंडभर हसू. नीलिमानं स्पीकर खाली टाकला, डोंग्यात उडी घेतली, पोरीला छातीशी धरलं आणि ढसढसा रडली.

"अव वैनी, एका रीलसाठी कोणी असं रडते का?"

रील चोवीस सेकंदांची झाली. आठ दिवसांत एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिली. 'किती गोड ऐकते बाळ,' असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. नीलिमानं ती ओळ वाचली आणि वहीतली दिवाळीची नोंद दुसऱ्यांदा खोडली, कागद फाटेपर्यंत.

त्यानंतर शंका आली की ती रील काढून बघे. मार्चमध्ये गोवराच्या लसीला नेलं तेव्हा तिनं नर्सबाईंना विचारलं, हाकेला बघत नाही हो कधी कधी. आणि विचारता विचारता, जणू आपल्याच प्रश्नाची तिला भीती वाटली, तिनं मोबाइल काढून रीलही दाखवली. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, ही तर किती छान वळते! मग कशाला काळजी करतेस?" अमरला फोनवर म्हटलं तर तो वैतागला. "चाळीस हजार लोकायनं पाह्यलं ते वळली म्हणून, अन् तुले एकटीले दिसते का नाई वळली म्हणून?" चंदाबाई म्हणाली, अमर तर तीन वर्षांचा होईस्तोवर 'माय' म्हणत नव्हता, आमच्या घरची पोरं उशिराच बोलतात.

आणि घरात तर पोरगी सगळ्यांकडे बघत होती. बाबुलाल तलावावरून आला की बाजेवर एक थाप मारी, दिव्यानी लगेच मान वळवी. चंदाबाईनं पाट ठोकला की ती रांगत चुलीकडे जाई. त्या घरात तसंच बोलवत. त्यात काय शोधायचं?

वर्ष सरलं. दिव्यानी भिंतीला धरून उभी राहू लागली. तोंडातून एकही अक्षर नाही.

जुलैतली एक दुपार. पाऊस उघडला होता, चंदाबाई धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेलेली, बाबुलाल तलावावर. दिव्यानी बाजेवर झोपली होती आणि नीलिमा उशाशी बसून मोबाइल बघत होती. आवाज बंद करून. लेकरू झोपलं की ती आवाज बंदच ठेवी, आपसूक अंगठा जाई.

फिरत फिरत ती रीलवर आली. गाण्यावाचून ती रील तिनं कधी पाहिलीच नव्हती. गाणं नसल्यामुळे बघण्यावाचून दुसरं काही काम उरलं नाही. दिव्यानी मण्यांशी खेळतेय. कमळं हलतायत. बाजूला पितळी लोटा. कोपऱ्यात बाबुलालचा आवरून घेतलेला पाय आणि बांबूचं टोक. मग लोट्यातलं पाणी थरथरलं. गोल गोल वर्तुळं उठली. आणि मग, त्याच्यानंतर, दिव्यानी वळली.

नीलिमानं पुन्हा लावली. पाणी थरथरलं, मग वळली. पुन्हा. बांबूचं टोक जरासं उचललं गेलं, खाली आलं, पाणी थरथरलं, वळली. आणि हसली ती स्पीकरकडे बघून नाही. मागे उभ्या आईकडे बघूनही नाही. एक्केचाळीस हजार लोकांना ती कॅमेऱ्याकडे बघून हसल्यासारखी वाटली होती. ती कोपऱ्यातल्या त्या पायाच्या मालकाकडे बघत होती.

मग नीलिमाचं लक्ष आपल्या अंगठ्याकडे गेलं. आवाज बंद. लेकरू उठू नये म्हणून.

तिनं आवाज उघडला. थोडा. मग आणखी. मग पूर्ण. मोबाइल दिव्यानीच्या उशीजवळ, कानापासून वीतभर धरला. ते मेलं गाणं घरभर कर्कशलं, छपरावरची चिमणी उडाली, शेजारची सोमारी कुडावरून म्हणाली, "का व नीलिमा, दुपारी वरात काढली का?"

दिव्यानीच्या पापणीचा केसही हलला नाही.

नीलिमानं गाणं दोनदा वाजू दिलं. मग बंद केलं आणि तोंडात पदर कोंबला. मग तिला जाणवलं की पदर कोंबायचीही गरज नाही.

थोड्या वेळानं बाबुलाल आला. माशाची टोपली ओसरीवर ठेवली, आत डोकावला आणि नातीसाठी बाजेच्या लाकडावर हलकेच एक थाप मारली. दिव्यानीनं डोळे उघडले.

त्या दिवशी नीलिमा सासऱ्याला काही बोलली नाही. तिनं अमरला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं नाही, सांगितलं. "मी तिले चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन चालली. तुमाले सुट्टी भेटली तं या, नाई भेटली तं नका येऊ." अमरला सुट्टी मिळाली नाही. सोबत बाबुलाल निघाला, धुतलेलं धोतर नेसून, खिशात विड्या न घेता.

तपासणी मोठी असते. लेकराला झोपेचं औषध पाजून कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा निघत होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीलिमाच्याच वयाच्या असतील. त्या रेघांकडे बघत होत्या आणि नीलिमा त्यांच्या तोंडाकडे. पडद्यावरचं तिला काही कळत नव्हतं, तोंडावरचं कळत होतं.

"दोन्ही कान," त्या शेवटी म्हणाल्या. "जवळजवळ काहीच ऐकू येत नाही तिला. जन्मापासूनच असणार."

नीलिमानं मान हलवली. तिला वाटलं होतं आपण इथे कोसळू. पण तिच्या मांडीवर झोपलेलं लेकरू होतं, आणि ते घसरू नये याकडेच सगळं अंग लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आधी कानाला मशीन. मग नागपूरला दाखवायचं, ऑपरेशनचं ठरवायला. मग रोजची शिकवणी, वर्षानुवर्षं. आवाज पोचेल, पण तो आपल्याला जसा येतो तसाच येईल असं नाही. बोलेल का? प्रयत्न करायचे. या गोष्टीत एकेक महिना मोलाचा असतो.

"आधी कधी शंका नाही आली तुम्हाला?"

प्रश्न साधा होता. त्यांना तो विचारावाच लागत असणार. नीलिमानं पर्समधून वही काढली, तो फाटका कागद उघडला. मग तिनं मोबाइल काढला. रील दाखवली. आवाज बंदच होता.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "ही तर वळतेय."

आपण बोललो तर काय होईल ते नीलिमाला ठाऊक होतं. भिंतीशी, खुर्ची रिकामी असून उभा राहिलेला तिचा सासरा तिथल्या तिथे मरेल.

"ते मी वाजवलं," बाबुलाल म्हणाला.

दोघींनी मान वळवली.

"पोरगी वळत नवती न. ह्या दोघी हैराण झाल्या. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. मले वाटलं, लेकरू नव्या गाण्याले का करते, मी रोज बोलवतो तसा बोलवतो. म्हणून बांबू मारला डोंग्याले. मी रोज तसाच बोलवतो, मॅडम. आमच्यात तसाच बोलवतात. ते येते. कालही आली." त्याचा आवाज पाण्यात पाय घसरल्यासारखा झाला. "मले का माहीत, त्या मोबाइलात वळणं म्हंजे आयकणं असते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

परतीची गाडी चांदा फोर्टहून. डब्यात गर्दी बेताची होती. समोरच्या बाकावर कॉलेजच्या दोन मुली एका इयरफोनची दोन टोकं दोघींच्या कानात घालून कसल्याशा नव्या गाण्यावर बोटं नाचवत होत्या. ते हिवाळ्यातलं गाणं आता कोणाच्या तोंडी नव्हतं. नवं आलं होतं, त्याच्यावर नवा ट्रेंड आला होता. नीलिमाला तो माहीतही नव्हता. दर सहा महिन्यांनी असं एक गाणं येणार, तिच्या मनात आलं, आणि सगळ्या मुली त्याच्यावर बोटं नाचवणार. शाळेत, लग्नात, गणपतीत. आणि दिव्यानी त्यांची बोटं बघत बसेल, ती कशावर नाचतायत ते न कळता.

खिडकीबाहेर मूल गावाकडचं जंगल सरकत होतं. दिव्यानी जागी होऊन गाडीच्या बाकावर तळहात टेकवून बसली होती. गाडीची धडधड तिच्या हातात येत असावी. ती खूश दिसत होती.

"बाई," बाबुलाल म्हणाला. तो सुनेला बाईच म्हणे. "सहा महिने गेले न माह्या थापेपायी?"

हो, असं उत्तर होतं. सहा महिने, आणि ती डॉक्टरीण म्हणाली तसा एकेक मोलाचा. नीलिमाला राग होता. तो खोटा नव्हता आणि तो लवकर जाणारही नव्हता. पण तो नेमका कोणावर काढायचा हे वडशापर्यंत तिला ठरवता आलं नसतं. रील नर्सबाईंना तिनंच दाखवली होती. वहीतली ओळ तिनंच खोडली होती.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "मी तिले वर्षभर अंगाई म्हटली. रोज. नाव घेऊन बोलली, गोष्टी सांगतल्या, मोबाइल वाजू देल्ला नाई. माहा एक शब्द तिच्यापर्यंत गेला नाई. तुम्ही बोलवलं तेवढंच गेलं."

धोतराच्या सोग्यानं बाबुलालनं डोळे पुसले आणि मग नाक, आणि मग उगाच नातीचे पाय.

घरी चंदाबाईनं ऐकलं आणि चुलीपुढे बसकण मारली. म्हणाली, माह्या अमरचंही असंच होतं, तीन वर्षं. मग तेच पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू कोसळलं.

दोन दिवसांनी डिंपलचा फोन आला. अमरनं सांगितलं होतं. नेहमी फोन उचलल्या उचलल्या सुरू होणारी डिंपल आज थांबत थांबत बोलत होती.

"वैनी, ते रील काढून टाकू का व मी?"

"तुले काय वाटते?"

"मले आता पाहवत नाई ते. विक्की कानाशी मोबाइल धरून नाचते, ते पण पाहवत नाई. मी किती हसली व तुले त्या दिवशी. हिरॉइन भाव खाते म्हटलं मी."

"तुले का माहीत होतं."

"काढू?"

नीलिमानं विचार केला. एक्केचाळीस हजार लोकांच्या मोबाइलमधून ती केव्हाच पुढे सरकली होती. काढली काय आणि ठेवली काय. "काढ," ती म्हणाली. "पण आधी मले पाठव. गाणं काढून. नुसती."

संध्याकाळी ती दिव्यानीला घेऊन पाळीवर गेली. तलाव पावसानं काठोकाठ भरला होता. डोंगा खुंट्याला बांधलेला होता. बाबुलाल मागच्या टोकाला बसून शिशाचे मणी ओवत होता. ती डोंग्यात उतरली, लेकराला आजोबांजवळ बसवलं आणि स्वतः पुढच्या टोकाला जाऊन पाण्याकडे तोंड करून बसली. मशीन पुढच्या आठवड्यात मिळणार होतं. नागपूरची तारीख अजून लागायची होती. वहीत तिनं नवं पान सुरू केलं होतं आणि त्यावर फक्त तारीख होती.

घरात तिला रडता येत नव्हतं. चंदाबाई तिच्याआधी रडायला लागे. इथे ती रडली. आवाज न दाबता, वडशाच्या फाटकाजवळच्या मुलीसारखी, घसा फोडून. पाळीवरून बैल नेणारा लच्छू थबकला आणि मान खाली घालून पुढे गेला. मासे पांगले असतील तर पांगले. बाबुलालनं तिला अडवलं नाही.

मग तिच्या बुडाखालचं लाकूड थरथरलं.

एक थाप. हलकी, जरा तिरकी, बाबुलालच्या हातची नव्हे.

नीलिमा वळली.

दिव्यानी डोंग्याच्या काठावर तळहात तसाच टेकवून तिच्याकडे बघत होती. हसत नव्हती. आईनं पाहिलं की नाही, एवढंच ती बघत होती. पाहिलं असं दिसल्यावर तिनं हात उचलला आणि पुन्हा मण्यांकडे वळली.

तिच्यामागे बसलेल्या बाबुलालनं बांबू उचलून बाजूला, पुन्हा आपल्या हाताला येणार नाही असा ठेवला, आणि तोंड पाण्याकडे फिरवलं.